काउंट पडल्यावरचे दिवस

ब्लड कॅन्सरच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांचं बोलणं बहुतेक एकाच प्रश्नाने सुरू होतं, "तुमचे काउंट किती आले?" कधी रिपोर्ट हातात न धरलेली आईसुद्धा महिन्याभरात सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, कागद वाचायला शिकते. तिचं बोट टीएलसीच्या ओळीवर थांबतं. बाराशे. निरोगी माणसात हा आकडा साधारण ४,००० ते ११,००० असतो, हे तिला एव्हाना पाठ झालेलं असतं.

पण खरा आकडा त्याच्या खाली दोन-चार ओळींवर असतो. टीएलसी म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींची एकत्र मोजणी. त्यांपैकी जिवाणू आणि बुरशीवर सगळ्यांत आधी तुटून पडतात त्या न्यूट्रोफिल पेशी. कागदावर त्यांच्यापुढे ३० टक्के लिहिलं असेल, तर बाराशेचे ३० टक्के, म्हणजे ३६०. डॉक्टर एएनसी म्हणतात तो हाच आकडा. १,५०० च्या खाली कमी, ५०० च्या खाली गंभीर, १०० च्या खाली फारच जोखमीचा. न्यूट्रोफिल जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका मोठा, हे जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली अमेरिकेत ल्युकेमियाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या ब्लड कॅन्सरच्या, रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं.

इथे नातेवाईक हमखास गोंधळतात. निदान झालं तेव्हा पांढऱ्या पेशी लाखावर होत्या, मग आता कमी कशा? तेव्हाच्या पेशी अर्धवट वाढलेल्या, संरक्षणाच्या कामाला न येणाऱ्या होत्या. रान हिरवंगार दिसावं आणि जवळ जाऊन पाहावं तर सगळं तण. किमो ते तण मारते, पण त्यासोबत पीकही जळतं. निरोगी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर, रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, कारण त्या रक्तात काही तास, फार तर काही दिवस टिकतात. तांबडी पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. म्हणून रक्त चढवता येतं, प्लेटलेट चढवता येतात. न्यूट्रोफिलची पिशवी मात्र सहसा लावत नाहीत. मज्जा सावरेपर्यंत वाट पाहावी लागते. बऱ्याच औषधांनंतर काउंट सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात. एएमएल या ल्युकेमियाच्या प्रकारात पहिल्या किमोनंतर हा काळ तीन-चार आठवडेही चालतो.

या वाट पाहण्यात घरच्यांचा जीव कासावीस होतो आणि मग सल्ले येतात. पपईच्या पानांचा रस द्या, गुळवेल द्या, बीट द्या. प्रेमापोटीच देतात सगळे. पण किमोने थांबलेली मज्जा रसाने सुरू होत नाही. उलट २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि ल्युकेमियाच्या औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. काउंट लवकर वर आणणारं जीसीएसएफचं इंजेक्शन आहे, पण ते कुणाला आणि कधी द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

मला कळकळीने सांगायचं आहे ते असं, की काउंट आपल्या हातात नाहीत, ताप ओळखणं मात्र आहे. पू म्हणजे मुख्यतः संसर्गाशी लढून मेलेल्या न्यूट्रोफिल. त्या नसतील तर पू होत नाही, जखम फारशी लाल होत नाही, सुजत नाही. न्यूमोनिया असूनही सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. अनेकदा शरीर फक्त ताप ही एकच खूण देतं.

रात्रीचे दोन वाजलेत. पोराचं अंग गरम लागतंय, थर्मामीटर १००.६ दाखवतो. एरवी आपण तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली असती. काउंट पडलेले असताना ही गोळी स्वतःहून द्यायची नाही, कारण आकडा उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे फाइल उचलायची आणि निघायचं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच, "किमो चालू आहे, काउंट पडलेत, ताप आलाय." कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे तपासायला, रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं जगभरचे डॉक्टर धरून चालतात. ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तरी थांबायचं नाही.

बरेचसे जिवाणू बाहेरून येतही नाहीत. ते आपल्याच तोंडात आणि आतड्यात असतात. किमोने तोंड येतं, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि त्यांना रक्तात जायला वाट मिळते. म्हणून मऊ ब्रश, दिवसातून अनेकदा गुळण्या, बद्धकोष्ठता न होऊ देणं. एनिमा, गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या किंवा तिथे थर्मामीटर लावणं टाळायचं. बुरशीचं थोडं वेगळं, तिच्या काही जाती हवेतून येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या भाड्याच्या खोलीत राहून उपचार घेणाऱ्यांनी शेजारचं बांधकाम आणि पावसाळ्यातली ओलसर भिंत यांपासून रुग्णाला लांब ठेवावं.

जेवणाच्या बाबतीत मला वाटतं आपण उगाच छळतो. सगळं उकडलेलं, बेचव, फळ नाही, कोशिंबीर नाही. आधीच उलट्यांनी हैराण झालेलं पोर मग जेवतच नाही. २०२३ साली इटलीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडक पथ्य पाळणाऱ्यांत आणि नीट धुतलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांत मोठ्या संसर्गाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आपल्याकडच्या पाण्याचा विचार करून उकळलेलं पाणी, ताजं गरम जेवण, स्वच्छ धुऊन सोललेलं केळं-संत्रं एवढं सांभाळावं, आणि बाकीचं आपल्या डॉक्टरांना विचारावं. शिळं, उघड्यावरचं, उसाचा रस आणि बर्फाचा गोळा मात्र नकोच.

आणि रिपोर्टमधली आणखी एक ओळ पाहायची. मोनोसाइट, हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. मज्जा जागी होऊ लागली की बऱ्याचदा आधी त्यांचा आकडा वर सरकतो, मग काही दिवसांत न्यूट्रोफिल येतात. टीएलसी अजून आठशेच असेल, पण ओपीडीत मुरलेल्या आईचं बोट आता त्या ओळीवर जातं आणि ती हळूच नवऱ्याला म्हणते, "अहो, येतायत."