अ‍ॅम्प बंद, तरी मार्विन गे गातोय

परवा रात्री गंमत झाली. अमेरिकन गायक मार्विन गेची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही रेकॉर्ड काढली, डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची, १९७१ची, बऱ्याच वर्षांनी लावत होतो आणि नेमका अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) चालू करायचा विसरलो. रेकॉर्ड फिरतेय, सुई टेकलीय, आणि खोलीत कुठूनतरी डास गुणगुणल्यासारखा आवाज. कान खाली नेला तर चक्क गाणं! सुरुवातीच्या गप्पा, सॅक्सोफोन, मार्विनचा आवाज, सगळं ओळखू येत होतं, फक्त बेस, म्हणजे खालचा खर्जाचा आवाज, गायब.

आता या गाण्यातून जेम्स जेमरसनची बेस गिटार काढली तर उरलं काय? (पठ्ठ्या एकाच बोटाने तारा छेडायचा, आणि हे गाणं तर म्हणे जमिनीवर उताणं पडून वाजवलंय.)

थोडा दोष सुईचा आहेच, एवढीशी सुई हवा कितीशी हलवणार. पण खरी गोम रेकॉर्ड कापतानाची, म्हणजे तिच्यावर गाण्याची खाच कोरतानाची आहे. खर्जाचा आवाज जसाच्या तसा कापला तर खाच डावीउजवीकडे एवढे लांब झोके घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल, मग दोन खाचांत अंतर वाढवा, आणि अंतर वाढवलं की एका बाजूला गाणी मावणार किती? म्हणून कापतानाच बेस दाबतात आणि वरचे बारीक आवाज फुगवतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याचं माप ठरवून दिलं, ढोबळमानाने २० हर्ट्झला (अगदी खालचा आवाज) दहावा हिस्सा आणि २०,००० हर्ट्झला (अगदी वरचा) दहापट. अ‍ॅम्पमधलं फोनो सर्किट बरोब्बर उलटं करतं, आणि वरचे आवाज खाली आणताना सुईची खरखरही दबते, हा फायदा फुकटात. टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) फोनोऐवजी साध्या इनपुटला लावून 'आवाज पातळ येतो' म्हणणाऱ्यांचं इथेच चुकत असतं.

दुसरी भानगड वेगाची. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेवढ्याच वेळात बाहेरच्या कडेला सुई साधारण ९२ सेंटीमीटर चालते आणि लेबलजवळ जेमतेम ३८. गाणं तेवढंच, जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे आतल्या गाण्यांत 'स' आणि झांजा फिसफिसायला लागतात. या रेकॉर्डची दुसरी बाजू तीनच गाण्यांची, सोळाएक मिनिटं, म्हणजे कापणाऱ्याला जरा हातपाय पसरायला जागा होती.

विनाइलचा, म्हणजे अशा रेकॉर्डचा, आवाज जास्त 'खरा', हे मला काही पटत नाही. सीडीत खरखर कमी आणि बारीक-मोठ्या आवाजातलं अंतर जास्त, विषय संपला. पण भिंगातून ती खाच बघितलीत कधी? एकच वाकडीतिकडी वाट, तिच्या दोन भिंती, एक डावीकडचा आवाज, एक उजवीकडचा. त्यावरून एकच हिऱ्याची सुई जाते, दीड-दोन ग्रॅम वजनाने, आणि व्हायोलिनं, काँगा ड्रम, स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून गाणारा मार्विन, हे सगळं त्या एका थरथरीत बसलेलं असतं. (ते दोन आवाजही ठरवून नाही हं, इंजिनिअरने दोन टेक चुकून एकदम वाजवले आणि मार्विनला आवडलं.)

असो. अ‍ॅम्प चालू केला, सुई परत कडेला ठेवली, आणि जेमरसन आला.