ह. मु. सुरत

खानदेशातली लग्नपत्रिका हातात घ्या. निमंत्रकांच्या नावापुढे कुठेतरी हमखास छापलेलं असतं, 'ह. मु. सुरत'. हल्ली मुक्काम. कित्येक घरांत या मुक्कामाची तिसरी पिढी चालू आहे, तरी 'हल्ली' काही खोडलं जात नाही.

नवापूर स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. पण स्टेशन आधीचं, सीमा नंतरची. ताप्ती व्हॅलीचा रेल्वेमार्ग १९०० च्या आसपास अमळनेरपर्यंत आला, तेव्हा सुरत आणि खानदेश दोन्ही मुंबई इलाख्यातच होते. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली नि सुरतेला जाणारा माणूस घरबसल्या परप्रांतीय ठरला.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. अमळनेर, धुळे, जळगावच्या कापडगिरण्या एकेक करून थंडावल्या आणि तिकडे सुरतेत यंत्रमाग वाढत गेले. उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येऊ लागली. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. २०२० मध्ये ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. मुक्काम किती पक्का झाला, ते यावरून कळावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं मात्र वेगळं. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातले भिल्ल, पावरा मजूर दिवाळीनंतर सुरत जिल्ह्यातल्या बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांच्या उसावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली खावटी, म्हणजे पोटापुरती उचल, दिडीने फिटते, शंभराचे दीडशे. हंगामभर पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, ताडपत्रीची झोपडी, पावसाच्या आत पुन्हा गाव. त्यांच्या पत्रिकेवर कुठलं ह. मु. येणार?

शहरातले खानदेशी एरवी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), नाहीतर लग्नसराईत परततात, सुरती साड्यांचे गठ्ठे घेऊन. पण दोनदा परतणं लादलं गेलं. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने सुरतेतून काही दिवसांत लाखो लोक बाहेर पडले. तेव्हा निदान गाड्या चालू होत्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्याही बंद. माणसं हायवेने, रुळांच्या कडेने, पोरं खांद्यावर घेऊन नवापूरकडे चालत निघाली. सीमेवर पोलीस, तपासणी, थांबा. बाकावरची ती रेघ पहिल्यांदाच पायांत आली.

गावात काम नव्हतंच. माग सुरू झाले तसे बरेचजण त्याच वाटेने परत गेले.