पॅकेज डाउनलोड होत नाही? आधी एरर वाचा

हे पत्रक सर्व्हरवर किंवा लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची आहेत. फेडोरा किंवा फ्रीबीएसडीवर कमांड वेगळ्या, पण कारणं बरीचशी हीच.

पॅकेज (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उतरत नसलं की अनेक जण तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवतात, नाहीतर इंटरनेटवर सापडलेली एखादी ओळ टर्मिनलमध्ये चिकटवतात. कृपया तसं करू नका. स्क्रीनवर आलेला मजकूर वरपासून वाचा. शेवटच्या ओळीत बहुधा काम फसलं एवढंच असतं, खरं कारण तिच्या वर सापडतं.

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ असं दिसलं तर मशीनला सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळत नाहीये. एखाद्या आयपी पत्त्याला (मशीनचा आकड्यांतला पत्ता) ‘पिंग’ कमांडने हाक मारून पाहा. तो पोहोचतो पण नावाने पोहोचत नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. डीएनएस सर्व्हर कोणता ते सांगणारी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल हाताने बदलण्याआधी ती कोण लिहितं ते बघा. नेटवर्क मॅनेजर लिहीत असेल तर तुमचा बदल पुढच्या जोडणीला पुसला जाईल.

‘४०४ नॉट फाउंड’ आलं म्हणजे नेट चालू आहे, सर्व्हरही बोलतोय, फक्त मागितलेली फाइल तिथे नाही. नवी आवृत्ती आली की मिररवरून (पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) जुनी काढली जाते आणि तुमच्या मशीनवरची यादी मात्र जुनीच राहते. ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ चालवून पुन्हा इन्स्टॉल करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. खुद्द अपडेटच ‘रिलीज’ फाइलसाठी (मिररवरच्या याद्यांची सही केलेली नोंद) ४०४ देत असेल तर मामला वेगळा: तुमच्या आवृत्तीचा सपोर्ट संपलेला असण्याची शक्यता मोठी. डेबियनच्या जुन्या आवृत्त्या अर्काइव्ह सर्व्हरवर हलवतात. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि तिची पॅकेजेस आता व्हॉल्ट नावाच्या जुन्या पॅकेजेसच्या सर्व्हरवर आहेत. पत्ता बदलून पॅकेज मिळेल, सुरक्षेचे नवे पॅच मिळणार नाहीत. अशा मशीनसाठी अपग्रेडची तारीख ठरवाच.

‘हॅश सम मिसमॅच’ला, म्हणजे उतरलेली फाइल नोंदीशी जुळली नाही या एररला, घाबरू नका. मिरर त्या क्षणी अद्ययावत होत असेल किंवा मधला प्रॉक्सी (तुमच्या आणि इंटरनेटच्या मधला सर्व्हर) जुनी फाइल देत असेल. थोड्या वेळाने पाहा, मिरर बदलून पाहा.

‘नॉट व्हॅलिड येट’ म्हटलं की घड्याळ तपासा. रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डावर स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. नेट नसताना तो सुरू झाला की वेळ मागे राहते आणि आजची रिलीज फाइल त्याला उद्याची वाटते. ‘डेट’ कमांड लगेच उत्तर देते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘नो पबकी’ (डिजिटल सही तपासायची किल्ली मशीनवर नाही) किंवा सहीची तक्रार आली तर तपासणी बंद करणारे पर्याय वापरू नका, ‘ट्रस्टेड इज इक्वल टू यस’ तर नाहीच नाही. पॅकेज रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याच्या, अधिकारानं बसतं. ते खरोखर डेबियनकडून किंवा उबुंटूकडून आलंय याची हमी ती सहीच देते. साध्या एचटीटीपी मिररवरूनही आपण निर्धास्त डाउनलोड करतो ते तिच्याच भरवशावर. ही किल्ली हवी असेल तर ती ज्यांचं पॅकेज आहे त्यांच्याच साइटवरून घ्या.

डिस्क भरली असेल तर ‘डीएफ’ने कळेल, ‘अ‍ॅप्ट क्लीन’ने उतरवून ठेवलेली पॅकेजेस जातात, बसवलेली नाही.

तरीही अडलात तर आम्हाला कळवा. सोबत एररचा पूर्ण मजकूर, ‘डेट’चं उत्तर आणि सोर्सेस फाइल (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या पत्त्यांची) पाठवा. फोटो नको, कॉपी केलेला मजकूर हवा, आणि प्रॉक्सीच्या ओळीत पासवर्ड असेल तर तो आधी काढून टाका.