पारदर्शिकांचे अंकीकरण (घरगुती)

प्रक्षेपकासाठी चौकटीत बसवलेल्या पॉझिटिव्ह फिल्मचे, म्हणजेच पारदर्शिकेचे (स्लाइडचे), संगणकीय प्रतिमेत रूपांतर. प्रचलित चौकट ५० × ५० मिमी. असून चित्रक्षेत्र २४ × ३६ मिमी. असते. पुठ्ठ्याच्या चौकटी १९३० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाल्या असाव्यात.

झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर, फिल्म स्कॅनर आणि मॅक्रो भिंगाचा कॅमेरा ही घरगुती साधने होत. सपाट स्कॅनरवर ६४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) असे छापलेले असले, तरी प्रत्यक्ष विभेदन (बारकावे टिपण्याची क्षमता) त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. खऱ्या ४००० डीपीआयला सुमारे ५,६७० × ३,७८० पिक्सेल मिळतात.

धूळ हटवण्यासाठी अनेक स्कॅनर अवरक्त किरणांची जादा फेरी घेतात. रंगीत फिल्ममधील रंजकांतून (रंगद्रव्यांतून) हे किरण आरपार जातात, धूळ व ओरखडे त्यांना अडवतात. त्यावरून दोषांचा नकाशा तयार होतो. कृष्णधवल फिल्ममधील धातुरूप चांदीही किरण अडवते, म्हणून तेथे ही सोय निरुपयोगी ठरते. कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मच्या (३५ मिमी. स्वरूपात १९३६ पासून) बाबतीत मतभेद आहेत. काहींच्या मते तीत उरलेली चांदी कारणीभूत असते. परंतु फिल्म धुताना विरंजन व स्थिरीकरण या टप्प्यांत चांदी निघून जात असल्याने, तिचे निळसर-हिरवे रंजकच अवरक्त किरण शोषते हे मत अधिक ग्राह्य वाटते. दाट सावल्यांच्या कडा खरवडल्यासारख्या दिसू लागल्या, की ही सोय बंद करून फुंकणी आणि मऊ ब्रश यांवरच भिस्त ठेवावी.

कॅमेऱ्याने पारदर्शिका टिपताना पूर्ण चौकटीच्या (२४ × ३६ मिमी.) संवेदकाला १:१, तर त्याहून लहान एपीएस-सी संवेदकाला सुमारे ०.६५ पट वर्धन लागते. भिंगाचे छिद्र एफ/८, संवेदनक्षमता आयएसओ १०० आणि फाइल रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात ठेवावी. मागील दिव्याचा रंगदर्शन निर्देशांक (रंग खरे दाखवण्याचे माप, कमाल १००) ९५ च्या वर असावा. दिव्याचे प्रकाश पसरवणारे पटल पारदर्शिकेला चिकटवले तर त्यावरची धूळ व ठिपकेही स्पष्ट उमटतात, म्हणून काही सेंमी. अंतर सोडतात. पारदर्शिकेच्या जागी छोटा आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब दृश्यचौकटीच्या मधोमध आले, तर कॅमेरा समांतर आहे. खोलीतले दिवे मालवावेत. पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म उबेने फुगून तिचा मधला भाग फोकसबाहेर जातो. काचेच्या चौकटीत न्यूटनची वलये (काच व फिल्म टेकल्याने उमटणारी रंगीत वलये) दिसतात.

तिरप्या उजेडात जी बाजू मंद दिसते आणि जिच्यावर चित्राचे उठाव जाणवतात, ती इमल्शनची (चित्र धारण करणाऱ्या जिलेटिनच्या थराची). त्या बाजूने टिपलेली प्रतिमा डावी-उजवी उलटवावी लागते. बुरशी पाण्याने पुसू नये : बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि डागाबरोबर चित्रही निघून येते.

एक्टाक्रोम या दुसऱ्या रंगीत फिल्मच्या जुन्या पारदर्शिका निळसर-हिरवे रंजक फिकटल्याने लालसर होतात; लाल वाहिनीचा समतोल साधून बरीच सुधारणा होते. ४००० डीपीआयची १६ बिटांची टिफ फाइल सुमारे १३० एमबी होते.