सीलकोट आणि कार्पेट: दोन काळ्या थरांतला फरक

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अमळनेरच्या एका गल्लीत रस्त्याचं काम चाललं होतं. रस्ता चार-पाच वर्षांचा, एकही खड्डा नाही, फक्त रंग उडून राखाडी झालेला. टँकरच्या नळ्यांतून चहाच्या रंगाचं पातळ द्रावण फवारलं जात होतं आणि मागोमाग बारीक खडी पडत होती. ओट्यावर बसलेल्या आप्पांनी कामावरच्या तरुण अभियंत्याला हटकलं, "साहेब, हाऊ रस्ता ते चांगला शे, मंग कसाले डांबर टाकी राह्यनात?" आणि हात पलीकडच्या गल्लीकडे केला. तिथे घमेलं मावेल एवढे खड्डे होते. "मंजुरी याच रस्त्याची आहे, आप्पा," एवढं बोलून अभियंता पुढे गेला.

मी रस्त्यांच्या कामांवर बरीच वर्षं काढली आहेत. पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत हा प्रश्न मी ऐकला आहे. तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर न देता पुढे जाणं मला पटत नाही.

त्या गल्लीत चाललं होतं ते सील. पलीकडच्या गल्लीला हवं होतं ते कार्पेट, आणि कार्पेटच्याही आधी बरंच काही. काम संपल्यावर दोन्ही रस्ते सारखेच काळेभोर दिसतात, म्हणून लोक दोन्हींना "डांबर टाकलं" म्हणतात. सील म्हणजे काही मिलिमीटरचा पापुद्रा. पाणी आणि हवा आत शिरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. कार्पेट म्हणजे हॉटमिक्स प्लांटमध्ये खडी आणि डांबर गरम करून घोळवलेला माल, पेव्हरने पसरून रोलरने दाबलेला. सील रस्त्याचं आयुष्य वाढवतं, त्याची भार पेलण्याची ताकद मात्र आहे तेवढीच राहते.

घोळ वाढतो तो शब्दांमुळे. आपल्याकडच्या अंदाजपत्रकात एका दमात लिहिलेलं असतं: "५० मिमी बीबीएम, २० मिमी कार्पेट व सीलकोट". (बीबीएम म्हणजे कार्पेटच्या खालचा, खडी आणि डांबराचा जाड थर. डीबीएम हा त्याचाच जास्त घट्ट प्रकार.) हे २० मिमीचं कार्पेट जवळजवळ एकाच मापाच्या, साधारण ११ ते १३ मिमीच्या खडीचं असतं. बारीक माल नसल्यामुळे खडीच्या मध्ये मोकळ्या जागा राहतात आणि पाणी सरळ खाली उतरतं. म्हणून त्यावर लगोलग सीलकोट लागतोच: एक तर डांबरात घोळवलेली बारीक कच, नाहीतर डांबर फवारून त्यावर सहा-सात मिमीची खडी. तिथे सील हा नव्या रस्त्याचाच भाग. चार वर्षांनी जुन्या पण धड रस्त्यावर जो पातळ थर देतात, त्यालाही सीलच म्हणतात. हे झालं एक. दुसरं असं, की या २० मिमीच्या कार्पेटलाही अभियंते ताकदीच्या हिशोबात धरत नाहीत. ते रस्त्याचं कातडं. भार पेलतात ते खालचे खडीचे थर आणि बीबीएम किंवा डीबीएम. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर बिट्युमिनस काँक्रीटचा ३० ते ५० मिमीचा घट्ट थर असतो, त्याने मात्र ताकदीत भर पडते. लोक त्यालाही कार्पेटच म्हणतात. इथून पुढे मी कार्पेट म्हणेन तेव्हा हा जाड, घट्ट थर डोळ्यांसमोर ठेवा.

ज्यांनी खानदेशातली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं पाहिली आहेत त्यांना सील समजावून सांगावं लागत नाही. मृग लागायच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची. धाबं गळत नसलं तरी टाकायची, किंबहुना गळत नाही तोवरच टाकायची. खाली छपराच्या लाकडी कड्या कुजल्यावर वर कितीही खारी ओतली तरी उपयोग नाही, उलट ओझ्याने धाबं खाली यायचं. आप्पांच्या गल्लीत नेमकी ही खारी टाकली जात होती. पलीकडच्या गल्लीच्या कड्या कुजल्या होत्या.

रस्त्याच्या कड्या कुजतात कशा, ते जरा सावकाश पाहू, कारण आपल्या भागात हे फार जोरात घडतं. रस्त्यावरचं डांबर म्हणजे बिटुमेन, कच्चं तेल शुद्ध करताना शेवटी तळाला उरणारा चिकट पदार्थ. (लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायचं कोळशाचं डांबर वेगळं.) बिटुमेन नवं असताना लवचीक असतं. चाक आलं की किंचित दबतं, गेलं की सावरतं. पण हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू कडक होत जातं आणि उष्णतेने हा वेग वाढतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापलेला असतो. अशा उन्हासाठी बिटुमेनची प्रतच वेगळी निवडावी लागते. आयएस ७३ या भारतीय मानकात ३८ ते ४५ अंशांच्या प्रदेशासाठी व्हीजी-३० आणि त्याहून तापणाऱ्या प्रदेशासाठी जास्त घट्ट व्हीजी-४० सांगितलं आहे. घट्ट प्रतीमुळे रस्त्यावर चाकोऱ्या पडायच्या कमी होतात. कडक होणं मात्र कोणत्याही प्रतीला चुकत नाही.

कडक झालेलं डांबर चाकाखाली वाकत नाही, तडकतं. केसासारखी भेग पडते आणि जूनच्या पहिल्या सरीचं पाणी तिच्यातून आत जातं. खडी आणि डांबर यांच्या मध्ये पाणी शिरलं की डांबराची पकड सुटते. वरून वाळूचा डंपर गेला की तेच पाणी दाबाने इकडून तिकडे पळतं आणि खालच्या थरातला बारीक माल भेगेतून वर ओकतं. कोकणाच्या मानाने आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून रस्ते जास्त टिकायला हवेत, असं पुष्कळांना वाटतं. पण उन्हाने तडकलेल्या रस्त्याला दोन-चार दणक्याच्या सरी पुरतात. उन्हाळ्यात पडलेली भेग जुलैत खड्डा होते, ती अशी.

सील या साखळीची पहिलीच कडी तोडतं. टँकरमधलं ते चहाच्या रंगाचं द्रावण म्हणजे इमल्शन: पाण्यात तरंगणारे बिटुमेनचे अतिबारीक थेंब. रस्त्यावर पडल्यावर पाणी वेगळं होतं, थेंब एकमेकांना आणि दगडाला चिकटतात, आणि तपकिरी रंग बघता बघता काळा होतो. हे काम भट्टी न पेटवता होतं. नुसतं पातळ इमल्शन फवारलं तर तो सर्वांत हलका प्रकार. त्यावर खडी पसरून दाबली तर पकड चांगली येते. इमल्शन, बारीक कच आणि थोडं सिमेंट यांची सरबरीत लापशी करून ओढली तर स्लरी सील. त्यात पॉलिमर घातलेलं इमल्शन वापरलं की मायक्रोसरफेसिंग, चार ते आठ मिमी जाडीचं आणि साधारण दोन तासांत वाहतूक सोडता येणारं. खालचा रस्ता धड असेल तर मायक्रोसरफेसिंग पाच ते सात वर्षं काढतं. नुसती फवारणी दोन-तीन वर्षांत विरते.

आता आप्पांच्या प्रश्नाचा कठीण भाग. चांगल्या रस्त्यावर आधी खर्च का? कारण रस्ता एकसारख्या वेगाने म्हातारा होत नाही. रस्ते-व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत एक वक्ररेषा हमखास असते: आयुष्याची पहिली ७५ टक्के वर्षं जाताना रस्त्याची प्रत सुमारे ४० टक्के घसरते, आणि तेवढीच पुढची घसरण नंतरच्या अवघ्या १२ टक्के काळात होते. बरीच वर्षं रस्ता धडधाकट दिसतो आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत बसतो. ही जोराची घसरण सुरू व्हायच्या आत सील केलं तर खर्च थोडा, ती होऊन गेल्यावर रस्ता खोदून बांधायचा तर त्याच लांबीला कितीतरी पट. म्हणून जगातली बरीच शहरं रस्त्यांना ० ते १०० गुण देतात. ही पद्धत मुळात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी आणि रस्त्यांसाठी बसवली. सगळा पैसा सर्वांत वाईट रस्त्यांवर ओतला, तर तोवर मधल्या गुणांचे रस्ते तिथे येऊन पोचतात आणि यादी कधी संपतच नाही. निधी दोन्हींकडे वाटावा लागतो. हे गावाला आधी सांगायला हवं, आणि आपल्याकडे ते कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गल्लीतल्या माणसाला न सांगता केलेलं योग्य कामसुद्धा त्याला लूटच वाटते.

कधीकधी ती लूट असतेही. जाळी धरलेल्या रस्त्यावर, म्हणजे मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेल्या रस्त्यावर सील मारणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. त्या भेगा उन्हाच्या नाहीत, खालचा थर दबल्याच्या आहेत. तिथे कार्पेटनेही भागत नाही. तेवढा भाग चौकोनी खोदून, खालून भरून, दाबून आणावा लागतो, मग वर थर. सिग्नलजवळ किंवा एसटी स्टँडच्या वळणावर पडलेल्या खोल चाकोऱ्यांवर नुसतं सील उपयोगाचं नाही. आणि उन्हाळ्यात डांबर वर येऊन चपला चिकटतात अशा रस्त्यावर आणखी इमल्शन फवारलं तर तो पावसात निसरडा होतो.

काळी माती हे तर आपलं खास दुखणं. तापीकाठच्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. रस्त्याच्या कडेने, साईडपट्टीला समांतर लांबच लांब चिरा पडतात. लोक म्हणतात डांबर कमी टाकलं. खरं म्हणजे रस्त्याखालची मधली माती ओलसर राहते, कडेची वाळते, आणि त्या ओढाताणीत वरचा थर फाटतो. अशी चीर साफ करून भरून घ्यावी लागते, साईडपट्टी मुरमाने बांधावी लागते, कडेला पाणी साचू द्यायचं नसतं. सील किंवा कार्पेट, कुठलाही थर खालची जमीन हलायची थांबवत नाही.

कार्पेटची दुखणी वेगळी. माल गरम असेतोवरच जमतं. व्हीजी-३० चा माल पसरताना निदान १४० अंश हवा आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलिंग संपायला हवं. लांबच्या प्लांटवरून डंपर ताडपत्री न टाकता आला, की माल वाटेतच मेला. आणि खाली धूळ असली तर नवा थर जुन्याला धरतच नाही. आधी हवेने झाडून टॅककोटची, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटवणाऱ्या पातळ डांबराची, फवारणी करावी लागते. ती चुकवली की पहिल्या पावसाळ्यात कार्पेट पापडासारखं निघतं. मी स्वतः असा हातभर तुकडा उचलून पाहिला आहे. खालची बाजू मातीने पांढरी होती, डांबराचा डागही नव्हता.

दर वेळी थरावर थर चढवला की रस्ता उंच होतो. धुळ्या-जळगावच्या जुन्या वस्त्यांत आज ओट्याच्या पायऱ्या रस्त्यात गेल्या आहेत आणि पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत येतं. त्यावरचा उपाय म्हणजे मिलिंग: जुना थर यंत्राने खरवडून काढायचा, मग तेवढ्याच जाडीचा नवा घालायचा. खरवडलेला माल पुन्हा वापरता येतो. तुमच्या गल्लीत कार्पेट मंजूर झालं, तर "आधी खरवडणार का?" हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आत विचारा, नंतर त्याला अर्थ नसतो.

तुमच्या रस्त्याला काय हवं, ते ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. पाऊस थांबून अर्ध्या तासाने बाहेर या. रस्ता वाळलेला असेल आणि भेगा मात्र ओल्या रेघांसारख्या काळ्या दिसत असतील, तर पाणी आत जातंय. भेगा सुट्या, बारीक असतील तर त्या भरून सील करायची हीच वेळ. भेगांच्या कडेला चिखलाचा पांढरट डाग दिसला तर खालचा माल वर येतोय, सीलची वेळ गेली. आणि काम झाल्यावर नेमकं काय झालं ते पाहायचं असेल तर मॅनहोलच्या झाकणाकडे बघा. सील झालं असेल तर झाकण रस्त्याच्या पातळीतच राहतं. कार्पेट झालं असेल तर एक तर ते खड्ड्यात जातं, नाहीतर उचलून नव्याने बसवलेलं दिसतं. फलकावर कार्पेट लिहिलं असेल आणि झाकण जागच्या जागी असेल, रस्ता खरवडलेलाही नसेल, तर मोजमाप मागायला हरकत नाही.

जलवाहिनी, गटार, केबल टाकायचं ठरलं असेल तर ते दोन्हींच्या आधी. नव्या रस्त्याला चर पाडला की दोन्ही कडांतून पाणी शिरतं, आणि चर खोदलेल्याच काळ्या मातीने बुजवला तर पुढच्या पावसात तो बसतोच. चर मुरमाने, थराथराने दाबून भरायचा असतो.

सील झाल्यावर पहिले एक-दोन दिवस गल्लीच्याही हातात असतात. द्रावण तपकिरी आहे तोवर त्यावर पायही ठेवू नये. नंतर गाड्या हळू चालवाव्यात, उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी फिरवू नये, ट्रॅक्टर आणि हातगाडी त्यावर उभी करू नये. सुटी खडी काही दिवस उडते, ती कंत्राटदाराने झाडून उचलून न्यायची असते. गटारीत लोटू देऊ नका. गटार तुंबलं की जूनचं पाणी त्याच रस्त्यावर थांबतं.