आयपी बदलतो, की मुळात तुमचा नसतोच?

काकांनी गावच्या घरी चार कॅमेरे बसवले आणि आठवड्याभरात मला फोन आला. "अरे, घरात वायफायवर सगळं झकास दिसतं. पुण्याला आलो की नुसती काळी स्क्रीन." नेटवाल्या मुलाचं उत्तर तयार होतं : "तुमचा आयपी डायनॅमिक आहे ना काका, तो बदलत राहतो." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा आकडी पत्ता, आणि डायनॅमिक म्हणजे बदलता. मलाही ते पटलं. बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या डीडीएनएस सेवेचं खातं काढलं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला (पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं क्रमांकाचं दार; बाहेरून त्यावर येणाऱ्याला थेट कॅमेऱ्यांकडे धाडायचं), अख्खा रविवार घातला. स्क्रीन काळीच. निदानच चुकलं होतं.

बदलता आयपी आणि वाटून घेतलेला आयपी ही दोन वेगळी दुखणी आहेत. लक्षण सारखं दिसतं म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं.

बदलता आयपी म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. राउटर सुरू झाला की कंपनीकडे पत्ता मागतो आणि डीएचसीपी नावाची व्यवस्था त्याला तो ठरावीक मुदतीसाठी देते. अर्धी मुदत सरली की राउटर स्वतःहून नूतनीकरण मागतो, बहुतेक वेळा तोच पत्ता पुढे चालू राहतो. त्यामुळे 'राउटर बंद-चालू केला की आयपी बदलतो' हे नेहमी खरं नसतं. मुदत शिल्लक असेल तर परत जुनाच हाती येतो. ज्यांच्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो, त्यांची जोडणी पीपीपीओईची. तिथे मात्र लाइट गेली, सेशन तुटलं, की बऱ्याचदा नवा पत्ता. पण कुठलाही असो, त्या क्षणी तो तुमच्या एकट्याचा असतो. बाहेरून कुणी त्यावर आलं तर तुमच्याच दारात येतं. इथे डीडीएनएस खरंच उपयोगी पडतं, कारण पत्ता बदलला की ते नावापुढचा आकडा बदलून ठेवतं.

वाटून घेतलेल्या आयपीचं तसं नाही. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठार रिकामं झालं आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झालं. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या कंपन्यांकडे गिऱ्हाइकं हजारोंनी आणि पत्ते मूठभर. मग एका पत्त्यामागे अनेक घरं बसवायची. याला सीजीनॅट म्हणतात. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात, तेच घराघरांत वाटले जातात.

पूर्वी ओळखपत्रांवर शेजाऱ्याचा फोन नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहायचे, ते आठवतं? त्यातला शेजारी निदान हाक तरी मारायचा. सीजीनॅटमध्ये बाहेरून आलेला कॉल कुणासाठी आहे हे कंपनीच्या यंत्राला कळतच नाही, ते तो सोडून देतं. आणि मी पोर्ट उघडला होता तो काकांच्या राउटरचा. कंपनीच्या यंत्राला हात लावायची सोय मला कुठे? डीडीएनएसवर मात्र ऐटीत हिरवी टिक. त्याने पत्ता नोंदवला होता बरोबर, फक्त तो साऱ्या आळीचा होता.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी' (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या साइटवरचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. दोन्ही आयपीव्ही४ चेच घ्या. काकांच्या पानावर १०० ने सुरू होणारा आकडा होता, साइटवर १०३ ने. आकडे वेगळे म्हणजे मध्ये कुणीतरी बसलंय. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला; काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. दोन्ही आकडे जुळले तर पत्ता तुमचा, मग तो रोज का बदलेना.

गोंधळ वाढतो तो हा सामायिक पत्ताही अधूनमधून बदलतो म्हणून. शेजाऱ्याच्या उचापतींची शिक्षाही तुम्हाला होते : लॉगिन न करता विकिपीडियावर शुद्धलेखन सुधारायला जावं तर 'हा आयपी प्रतिबंधित आहे', किंवा साइट उघडताच आधी ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखा.

स्टॅटिक आयपीसाठी जादा पैसे भरणाऱ्यांना वाटतं, आपण 'न बदलण्याचे' पैसे देतोय. माझ्या मते सीजीनॅटवाल्यांच्या बाबतीत खरी किंमत असते ती 'एकट्याचा' असण्याची. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, पण राउटरची फायरवॉल बाहेरच्यांना बहुधा अडवतेच आणि बघणाऱ्या फोनलाही आयपीव्ही६ लागतं.

काकांनी यातलं काहीच केलं नाही. डीव्हीआरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावरचा, क्यूआर कोड फोनने स्कॅन केला. आता डीव्हीआर स्वतःच बाहेर कॅमेरा-कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो, आणि आतून बाहेर जायला सीजीनॅटची आडकाठी नसते. हरकत एवढीच, की अंगणातलं चित्र आता तिसऱ्याच्या यंत्राच्या भरवशावर आहे. काका म्हणाले, "बघू दे की, गोठाच तर आहे."