ॲटिकमधल्या डक्टचं काम सरकारी खर्चाने: अर्ज नेमका कुठे अडतो

टेक्सासच्या उन्हाळ्यात ॲटिकची, म्हणजे छपराखालच्या पोकळीची, भट्टी होते आणि एसीची गार हवा तिथल्याच डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, खोल्यांत जाते. अमेरिकेतल्या सर्वसाधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा फटींतून वाया जाते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम या घरातली ऊर्जा वाचवण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेतून या फटी बुजवायचं काम फुकट करून मिळू शकतं. अर्ज राज्याने नेमलेल्या स्थानिक संस्थेकडे करायचा. भाडेकरूंनाही चालतो, फक्त घरमालकाची परवानगी हवी.

मुळात नुसत्या डक्टसाठी अर्ज करताच येत नाही. ऑडिटर घर तपासतो आणि खर्चाच्या मानाने बचत होईल तीच कामं मंजूर करतो. त्यामुळे आधी स्वतः कंत्राटदार लावून मग बिल पाठवू नका. पैसे मिळत नाहीत.

उत्पन्नाची केंद्रीय मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 200 टक्के. 2025च्या आकड्यांनुसार चौघांच्या घराला वर्षाला 64,300 डॉलर. हा आकडा टॅक्स कापण्याआधीचा आहे. हातात येणारा पगार लिहून कितीतरी जण फसतात. घरातल्या प्रत्येक प्रौढाचा हिशोब द्यावा लागतो. "आई काही कमवत नाही, तिचा कागद कशाला?" अहो, तिचाच लागतो! उत्पन्न शून्य असल्याचं सहीचं निवेदन बहुतेक ठिकाणी मागतात, आणि त्या एका पानासाठी फाइल पडून राहते.

कागद जमले तरी घर अडवतं. छप्पर गळतंय, बुरशी आहे, वायरिंग जुनाट आहे, तर ‘डिफरल’चं, म्हणजे काम तूर्त पुढे ढकलल्याचं, पत्र येतं. लोक ते नकार समजून फेकून देतात. फेकू नका! काय दुरुस्त करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते करून परत जाता येतं. आता ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानेच आधी छप्पर दुरुस्त करायचं, हा न्याय सरकारलाच ठाऊक. दुरुस्तीसाठी वेगळा निधी आहे का, हे त्याच संस्थेत विचारा.

याच योजनेतून गेल्या 15 वर्षांत घराचं काम झालं असेल, तर सहसा पुन्हा मिळत नाही. मग ते मागच्या मालकाने का करून घेतलेलं असेना.

ज्येष्ठ, अपंग आणि लहान मुलं असलेल्या घरांना प्राधान्य असतं. बाकीच्यांना थांबावं लागतं. थांबण्यात बारा महिने उलटले तर उत्पन्नाची तपासणी नव्याने होते, म्हणून पगाराच्या ताज्या पावत्या जपून ठेवा.